पेन ड्राइव्ह काढण्याआधी थोडं थांबा!

मागच्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सगळे इंदूरला आजोळी जमलो होतो. आजीच्या हातचे पदार्थ आम्हाला सगळ्यांना आवडतात, पण कृती लिहून घ्यायला बसलं की ती म्हणते, “अगं, अंदाजाने घालायचं!” म्हणून या वेळी मी वही बाजूला ठेवली आणि मोबाइलवर तिचे व्हिडिओच काढले. भरली वांगी, गुळाच्या पोळ्या, सांडगी मिरच्या असे एकूण ११ व्हिडिओ झाले. त्यातल्या एकात आजीबरोबर तिची धाकटी बहीण, म्हणजे आमची बेबीआजीही होती. दोघी मिळून अनारसे करत होत्या आणि गुळाच्या प्रमाणावरून भांडतही होत्या.

माझ्या मोबाइलमधली जागा संपली, म्हणून ते व्हिडिओ मी धाकट्या भावाच्या लॅपटॉपवर टाकले आणि मोबाइलवरून पुसले. निघायच्या दिवशी पुण्याच्या मावशीसाठी ते पेन ड्राइव्हवर घ्यायचे ठरले. भावाच्या लॅपटॉपवरही जागा कमीच होती, त्यामुळे मी ‘कॉपी’ न करता ‘कट’ करून ‘पेस्ट’ केलं. बाहेर रिक्षा उभी होती. स्क्रीनवरची पट्टी भरली, काम झाल्याचं दिसलं, आणि मी पेन ड्राइव्ह ओढून पर्समध्ये टाकला.

आठ दिवसांनी मावशीने तो टीव्हीला लावला. पहिले सात व्हिडिओ छान चालले. शेवटचे चार चाललेच नाहीत. यादीत नावं दिसत होती, पण फाइलमध्ये काहीच नव्हतं. लॅपटॉपवरून तर मी ते आधीच ‘कट’ केले होते.

त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागले. पट्टी भरली होती, मग व्हिडिओ गेले कुठे? कॉम्प्युटर आपल्याशी खोटं बोलतो का? ‘इजेक्ट’ नावाचं बटण नेमकं करतं काय? आज या सदरात तेच पाहू या. तुम्ही विद्यार्थी असा, फोटोंचे ढीग सांभाळणाऱ्या काकू असा, की नातवाने दिलेल्या पेन ड्राइव्हवर अभंग ऐकणारे आजोबा, हे सगळ्यांच्याच कामाचं आहे.

पट्टी भरली, तरी काम बाकी असतं

घरात पाहुणे आलेत आणि दोघीजणी पोळ्या करताहेत असं समजा. एक लाटतेय, दुसरी भाजतेय. लाटणारीचा हात भराभर चालतो, पण तव्यावर एका वेळी एकच पोळी मावते. मग लाटलेल्या पोळ्या परातीत साठत जातात. लाटणारी म्हणते, “झालं गं माझं!” पण म्हणून पानं वाढायला घेता येत नाहीत, कारण पाच पोळ्या अजून कच्च्याच असतात.

कॉम्प्युटरमध्ये असंच चालतं. कॉम्प्युटरची स्वतःची मेमरी, म्हणजे रॅम, अतिशय वेगवान असते. पेन ड्राइव्हवर माहिती लिहायला मात्र बराच वेळ लागतो. साधा, स्वस्तातला पेन ड्राइव्ह सेकंदाला ८ एमबी लिहितो असं धरलं, तर २ जीबीचा व्हिडिओ त्यावर उतरायला चार मिनिटांहून जास्त वेळ लागेल. तेवढा वेळ तुम्हाला ताटकळत ठेवण्यापेक्षा ऑपरेटिंग सिस्टिम एक युक्ती करते. ती माहिती पटकन रॅममध्ये घेते, तुम्हाला “झालं” म्हणून सांगते आणि मग मागच्या मागे सवडीने ती पेन ड्राइव्हवर उतरवत राहते. याला ‘राइट कॅशिंग’ म्हणतात. रॅम म्हणजे आपली परात, आणि पेन ड्राइव्ह म्हणजे तवा.

भावाच्या लॅपटॉपवर उबंटू होतं, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. लिनक्सच्या मूळ मांडणीत एक यंत्रणा साधारण दर ५ सेकंदांनी जागी होते आणि ३० सेकंदांहून जास्त काळ रॅममध्ये पडून राहिलेली माहिती डिस्कवर पाठवते. रॅमचा ठरावीक हिस्सा भरला तरीही हे काम सुरू होतं. मोठमोठे व्हिडिओ असतील, तर पट्टी भरल्यावरही बरीच माहिती रॅममध्येच अडकलेली असू शकते. माझे पहिले सात व्हिडिओ पेन ड्राइव्हवर उतरले होते. शेवटचे चार अजून परातीतच होते, आणि मी तवाच उचलून घेऊन गेले!

इजेक्ट दाबल्यावर काय होतं?

अनेकांना वाटतं, की इजेक्ट म्हणजे नुसता एक शिष्टाचार आहे, नाही दाबलं तरी चालतं. प्रत्यक्षात त्या एका क्लिकमागे चार कामं होतात.

पहिलं काम विचारपूस. घर बंद करून गावाला निघताना आपण विचारतो ना, “गॅस बंद केला? गीझर बंद आहे? मागचं दार लावलं?” तसंच विंडोज त्या ड्राइव्हशी संबंधित प्रत्येक प्रोग्रॅमला विचारतं, “हा आता काढू का? तुमचं काही काम बाकी आहे?” एकानेही “थांबा” म्हटलं, तर ड्राइव्ह सोडला जात नाही. तेव्हाच आपल्याला ‘हे डिव्हाइस वापरात आहे’ असा संदेश दिसतो. तो वैताग आणणारा असतो हे खरं, पण तो संदेश आपल्याच भल्याचा असतो.

दुसरं काम परात रिकामी करण्याचं. रॅममध्ये शिल्लक असलेली सगळी माहिती पेन ड्राइव्हवर उतरवली जाते. लिनक्सवर पट्टी भरल्यावरही इजेक्टला कधीकधी मिनिट-दोन मिनिटं लागतात आणि ‘डेटा लिहिला जात आहे, काढू नका’ अशी सूचना येते, ती यामुळेच.

तिसरं काम हिशेब बंद करण्याचं. पेन ड्राइव्हवर फाइल्सबरोबर त्यांची एक अनुक्रमणिकाही असते. कोणती फाइल कुठे सुरू होते, तिचे तुकडे कुठे कुठे आहेत, रिकामी जागा कुठली, हे सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. ती पूर्ण करून ‘सगळं व्यवस्थित आहे’ अशी खूण केली जाते आणि ड्राइव्ह सिस्टिमपासून वेगळा केला जातो. लिनक्सच्या भाषेत याला ‘अनमाउंट’ म्हणतात.

चौथं काम विशेषतः हार्ड डिस्कसाठी महत्त्वाचं. पोर्टेबल हार्ड डिस्कच्या आत खरीखुरी तबकडी फिरत असते, बहुतेकदा मिनिटाला ५,४०० फेऱ्यांच्या वेगाने. माहिती वाचणारं टोक तिच्या पृष्ठभागापासून जेमतेम केसाहूनही कमी अंतरावर तरंगतं. इजेक्ट केल्यावर बऱ्याच डिस्कमध्ये ते टोक आपल्या जागी जाऊन बसतं आणि तबकडी थांबते. हात लावलात तर थरथर थांबल्याचं कळतंही. फिरती डिस्क उचलून फिरवणं पेन ड्राइव्ह ओढण्याहून जास्त धोक्याचं असतं, कारण तिथे माहितीसोबत यंत्रही बिघडू शकतं.

अर्धवट राहिलेली अनुक्रमणिका

फाइल लिहिली जात असतानाच ड्राइव्ह ओढला, तर दोन प्रकारचं नुकसान होऊ शकतं. ती एक फाइल अर्धवट राहते, हे पहिलं. दुसरं जास्त वाईट: अनुक्रमणिका बदलली जात असतानाच खंड पडला, तर आधीपासून तिथे असलेल्या जुन्या फाइल्सही सापडेनाशा होतात. पुस्तकाची पानं शाबूत असतात, पण कुठलं पान कुठलं हेच कळत नाही.

इथे फरक पडतो तो ड्राइव्ह कोणत्या पद्धतीने फॉरमॅट केला आहे याने. आपल्याकडचे बहुतेक पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डं ‘फॅट३२’ किंवा ‘एक्सफॅट’ पद्धतीची असतात, कारण ती विंडोज, मॅक, अँड्रॉइड, टीव्ही अशी जवळजवळ सगळीकडे चालतात. फॅट३२ ही १९९६ सालची पद्धत. तिच्यात ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. एक्सफॅट २००६ साली आली आणि ती अडचण दूर झाली. पण या दोन्हींमध्ये एक गोष्ट नाही, ती म्हणजे कच्ची वही.

जुने दुकानदार आधी कच्च्या वहीत नोंद करायचे आणि मग सवडीने पक्क्या खात्यात उतरवायचे. मध्येच वीज गेली, दुकान बंद करावं लागलं, तरी दुसऱ्या दिवशी कच्ची वही पाहून हिशेब जुळवता यायचा. विंडोजची ‘एनटीएफएस’ आणि लिनक्सची ‘एक्सटी४’ या पद्धती अशी कच्ची वही ठेवतात. तिला ‘जर्नल’ म्हणतात. मध्येच खंड पडला, तर पुढच्या वेळी त्या नोंदी पाहून अनुक्रमणिका सावरता येते. लक्षात घ्या, अनुक्रमणिका सावरते, तुमची अर्धी राहिलेली फाइल नव्हे. पेन ड्राइव्हवर बहुधा तेवढीही सोय नसते.

शिवाय पेन ड्राइव्हच्या आतही एक छोटा कंट्रोलर असतो. कोणती माहिती चिपच्या कुठल्या कप्प्यात आहे, याचा तो स्वतःचा हिशेब ठेवतो आणि एकाच कप्प्यावर ताण येऊ नये म्हणून मधूनमधून माहिती हलवतोही. त्याचं काम चालू असताना वीज तोडली, तर क्वचित अख्खा ड्राइव्हच ओळखला जात नाही.

“पण मला तर कधीच काही झालं नाही!”

हे वाक्य मी मित्रमैत्रिणींकडून हमखास ऐकते. आणि त्यात तथ्यही आहे.

यूएसबी मुळात चालू कॉम्प्युटरला लावता-काढता यावं, अशाच बेताने तयार केलं गेलं. १९९६ साली त्याची पहिली आवृत्ती आली. ते घडवणाऱ्या इंटेलमधल्या गटात अजय भट्ट हे आपले भारतीय अभियंते आघाडीवर होते. ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. आपल्या ओळखीचा चौकोनी यूएसबी प्लग नीट पाहा. त्यातल्या चार पट्ट्यांपैकी कडेच्या दोन थोड्या लांब आहेत आणि मधल्या दोन आखूड. कडेच्या वीज देतात, मधल्या माहिती नेतात. त्यामुळे लावताना आधी वीज जोडली जाते आणि काढताना माहितीची वाट आधी सुटते, वीज नंतर. म्हणून ओढून काढला तरी पेन ड्राइव्ह जळत नाही. यंत्राची काळजी अशी घेतलेली आहे, परातीतल्या कच्च्या पोळ्यांची मात्र नाही.

विंडोजने २०१८ साली आणखी एक बदल केला. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून बाहेरून जोडलेल्या ड्राइव्हसाठी ‘क्विक रिमूव्हल’ हे धोरण मुळातच लागू असतं. म्हणजे विंडोज अशा ड्राइव्हसाठी लिहायची माहिती रॅममध्ये साठवून ठेवत नाही. वेग थोडा कमी होतो, पण कॉपी संपल्यावर ड्राइव्ह तसाच काढला तरी सहसा बिघडत नाही. दुसरं धोरण आहे ‘बेटर परफॉर्मन्स’. ते निवडलं असेल, तर वेग वाढतो, पण इजेक्ट करणं अत्यावश्यक होतं.

मग विंडोजवर इजेक्ट विसरलं तरी चालेल का? माझं उत्तर आहे, नाही. कॉपी चालू असताना ओढला, तर कुठलंच धोरण वाचवू शकत नाही. झेरॉक्सच्या दुकानातल्या किंवा ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर कोणतं धोरण लावलं आहे हे आपल्याला माहीत नसतं. एखादा प्रोग्रॅम मागे गुपचूप फाइल उघडी धरून बसलेला असू शकतो. आणि तोच पेन ड्राइव्ह उद्या मॅकवर किंवा लिनक्सवर लागतो. प्रत्येक ठिकाणचा नियम आठवत बसण्यापेक्षा एकच सवय सगळीकडे लावून घेणं सोपं.

कुठे, कसं काढायचं?

विंडोज: उजव्या कोपऱ्यात खाली, घड्याळाजवळ छोटा बाण असतो. तिथे यूएसबीचं चिन्ह दिसतं. त्यावर क्लिक करा, आपल्या ड्राइव्हचं नाव निवडा आणि ‘सेफ टू रिमूव्ह’ असा संदेश आल्यावरच काढा. ‘धिस पीसी’मध्ये ड्राइव्हच्या नावावर राइट क्लिक करूनही ‘इजेक्ट’ मिळतं.

मॅक: फाइंडरच्या डाव्या बाजूला ड्राइव्हच्या नावाशेजारी इजेक्टचं चिन्ह असतं. नाहीतर ड्राइव्हचं चित्र ओढून कचऱ्याच्या डब्यावर न्यायचं. घाबरू नका, फाइल्स पुसल्या जात नाहीत! ओढायला लागलात की डब्याचं चित्र बदलून इजेक्टचं होतं. ही पद्धत फार जुनी आहे. १९८४ साली आलेल्या पहिल्या मॅकिंटॉशला फ्लॉपी काढायचं बटणच नव्हतं. सिस्टिम आपलं काम संपवून स्वतःच फ्लॉपी बाहेर ढकलायची. त्यामुळे मध्येच फ्लॉपी ओढायची सोयच उरली नव्हती. आज तुम्ही न सांगता ड्राइव्ह काढलात, तर मॅक ‘डिस्क नॉट इजेक्टेड प्रॉपर्ली’ अशी तक्रार करतो.

लिनक्स: फाइल्सच्या खिडकीत ड्राइव्हच्या नावाशेजारचं इजेक्टचं चिन्ह दाबा आणि आता काढता येईल असं सांगणारी सूचना येईपर्यंत थांबा. इथे घाई अजिबात नको. अनुभवाचे बोल आहेत.

अँड्रॉइड: मोबाइलला ओटीजीने पेन ड्राइव्ह लावला, की वरच्या सूचनांमध्ये त्याचं नाव येतं आणि तिथेच इजेक्टचा पर्याय असतो. मेमरी कार्डासाठी सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज’ उघडा आणि कार्डापुढे ‘इजेक्ट’ किंवा ‘अनमाउंट’ करा. मोबाइलच्या कंपनीनुसार नाव थोडं वेगळं दिसेल. सर्वांत सोपा उपाय म्हणजे मोबाइल पूर्ण बंद करून मगच कार्ड काढायचं.

एक खास सूचना. अँड्रॉइड ६ पासून काही मोबाइलमध्ये मेमरी कार्ड ‘इंटर्नल स्टोरेज’ म्हणून जोडता येतं. तसं केलं, तर कार्डावरची माहिती कुलूपबंद होते आणि त्या एकाच मोबाइलवर वाचता येते. ते कार्ड काढून दुसऱ्या मोबाइलमध्ये घातलं, तर फोटो दिसणार नाहीत. मोबाइल बदलण्याआधी कार्ड कसं जोडलंय ते जरूर पाहून घ्या.

मोबाइल केबलने कॉम्प्युटरला जोडला असेल तर? पूर्वीचे अँड्रॉइड मोबाइल स्वतः पेन ड्राइव्हसारखे वागायचे. कॉम्प्युटरला जोडले, की कार्डाचा ताबा कॉम्प्युटरकडे जायचा. २०११ च्या सुमारास ‘एमटीपी’ नावाची पद्धत आली. आता अनुक्रमणिका मोबाइलच्याच ताब्यात राहते आणि कॉम्प्युटर फक्त त्याच्याकडे फाइल मागतो किंवा देतो. म्हणून मोबाइलला इजेक्टची गरज पडत नाही. मात्र कॉपी चालू असताना केबल काढली, तर ती फाइल अर्धवट राहणारच.

कॅमेरा: आधी कॅमेरा बंद करा, लाल किंवा नारिंगी दिवा विझू द्या, मग कार्ड काढा. लग्नसमारंभात घाईघाईने कार्ड बदलताना नेमकं हेच राहून जातं.

इजेक्ट होतच नसेल तर?

‘डिव्हाइस वापरात आहे’ असं आलं, तर आधी त्या ड्राइव्हवरून उघडलेल्या फाइल्स बंद करा. वर्ड, एक्सेल, गाण्यांचा किंवा व्हिडिओचा प्रोग्रॅम पूर्ण बंद करा. ड्राइव्हची खिडकी बंद करा. कधीकधी अँटिव्हायरस ड्राइव्ह तपासत असतो किंवा सिस्टिम शोधासाठी फाइल्सची यादी बनवत असते, मिनिटभर थांबून पुन्हा प्रयत्न करा. तरीही नाहीच झालं, तर कॉम्प्युटर शटडाउन करा आणि ड्राइव्हचा दिवा विझल्यावर काढा. लॅपटॉपचं झाकण मिटलं म्हणजे तो बंद झाला असं नाही. तो फक्त झोपलेला असतो आणि जागा झाला, की त्याला ड्राइव्ह होता तिथेच हवा असतो.

चूक झालीच, तर काय करायचं?

ड्राइव्ह लावल्यावर ‘फॉरमॅट करा’ असा संदेश आला, तर आधी ‘नाही’ म्हणा. आत माहिती अजून असू शकते. घाबरून ‘हो’ दाबलं, की ती परत मिळवणं आणखी अवघड होतं.

त्या ड्राइव्हवर नवीन काहीही टाकू नका. फाइल पुसली जाते तेव्हा बहुतेकदा फक्त अनुक्रमणिकेतली नोंद जाते, पानं तशीच राहतात. नवीन काही लिहिलं, की तीच पानं वापरली जातात.

दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून पाहा. जे काही दिसतंय ते सगळ्यात आधी दुसरीकडे कॉपी करून घ्या. दुरुस्ती त्यानंतर.

मग विंडोजमध्ये ड्राइव्हच्या ‘प्रॉपर्टीज’मधून ‘एरर चेकिंग’, किंवा मॅकवर ‘डिस्क युटिलिटी’तलं ‘फर्स्ट एड’ वापरून पाहता येतं. मेमरी कार्डावर ‘लॉस्ट डॉट डीआयआर’ नावाचा फोल्डर तुम्ही कधी पाहिलाय का? अँड्रॉइडने कार्ड तपासताना सापडलेले बेवारस तुकडे त्यात ठेवलेले असतात. कधीकधी त्यात एखादा हरवलेला फोटोही निघतो.

पुसलेल्या फाइल्स शोधायला ‘फोटोरेक’सारखे मोफत प्रोग्रॅम मिळतात. शोधलेल्या फाइल्स मात्र त्याच ड्राइव्हवर ठेवू नका, दुसऱ्या डिस्कवर ठेवा.

हार्ड डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, तर घरगुती प्रयोग बंद. ताबडतोब वीज काढा आणि माहिती परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे न्या. खर्च आधी विचारून घ्या आणि माहिती तेवढी मोलाची आहे का, ते ठरवा.

सांभाळायचं असेल, तर ‘कट’ नको

माझी खरी चूक पेन ड्राइव्ह ओढण्याच्या आधीच झाली होती. ‘कट’ करून ‘पेस्ट’ केलं, की फाइल दुसरीकडे लिहिल्याचं समजून सिस्टिम मूळ फाइल पुसून टाकते. लिहिलेली फाइल अजून परातीत असली, तरी मूळ जाते. म्हणून मोलाची गोष्ट नेहमी ‘कॉपी’ करावी, ड्राइव्ह इजेक्ट करावा, पुन्हा लावावा, दोन-चार फाइल्स उघडून पाहाव्या आणि मगच मूळ जागेवरून पुसावं. पुन्हा लावून पाहणं महत्त्वाचं, कारण लगेच उघडलं तर कॉम्प्युटर कदाचित रॅममधलीच फाइल दाखवतो आणि आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे.

आणि पेन ड्राइव्ह ही ने-आण करण्याची वस्तू आहे, तिजोरी नव्हे. घरच्या आठवणींच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत घराबाहेर असावी, मग ती क्लाउडवर असो की दुसऱ्या गावच्या भावंडाकडे. आपल्यापैकी कितीतरी जणांची घरं आज दोन-तीन राज्यांत विखुरलेली आहेत. ‘दुसऱ्या गावची प्रत’ ठेवणं आपल्याला मुळीच अवघड नाही!

त्या चार व्हिडिओंचं काय झालं, असं तुम्हाला विचारायचं असेल. भावाने दोन रात्री जागून लॅपटॉपवर शोध घेतला. पण त्याच्या लॅपटॉपला एसएसडी होती. पुसलेल्या जागा एसएसडी स्वतःहून साफ करत जाते, त्यातून मधल्या आठ दिवसांत त्याने त्यावर बरंच काही लिहिलंही होतं. हाती काही लागलं नाही. दोन व्हिडिओ मी आधीच मावशीला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले होते. थोडे धूसर असले तरी ते मिळाले. सांडगी मिरच्यांचा व्हिडिओ गेला, म्हणून मी आजीला फोन केला. माझा रडका आवाज ऐकून ती हसली आणि म्हणाली, “अगं, मी आहे ना अजून! ये परत, पुन्हा करू मिरच्या.” आम्ही केल्या. या वेळी तिने मेथी जास्त घातली. विचारलं तर म्हणाली, “अंदाज!”

चौथा व्हिडिओ अनारशांचा होता. बेबीआजी दिवाळीच्या आधीच गेली. तिचा आवाज आता आमच्या कुणाच्याच मोबाइलमध्ये नाही. आजीला मी अजून सांगितलेलं नाही, की तो व्हिडिओ गेला. गुळाचं प्रमाण मला आठवतं, कारण दोघींचं भांडण मला आठवतं. बेबीआजी किलोभर तांदळाला किलोभर गूळ म्हणत होती, आजी म्हणत होती, “थोडा कमीच घाल.”

तुमच्या घरातल्या कुठल्या पेन ड्राइव्हवर कुणाचा आवाज आहे? आज संध्याकाळी तो शोधून लावा, उघडून बघा, त्याची एक प्रत दुसरीकडे ठेवा. आणि काढताना इजेक्ट दाबा. रिक्षा मिनिटभर थांबते.